न विचारता कापलेलं

१

गठुडं घेऊन बाई दारात आली की मी तिले पाणी मांगून देते, आधी विचारते, "हातानं देलेले आहेत ना हे कपडे?" देऊळघाटातल्या बायका त्याच्यावरून मले हासतात. हासोत बापड्या. माह्या सासूनं मले गोधडी शिकवली तव्हा टाक्याच्या आधी हेच शिकवलं होतं. मेलेल्याचा कपडा धू, उन्हात टाक, खुशाल काप. जित्या माणसाचा कपडा त्यानं आपल्या हातानं देला तरच काप. न विचारता जित्याच्या कपड्याले कैची लावायची नाही. काऊन, ते तिनं सांगतलं नाही अन् मीही विचारलं नाही. तिच्यापुढं काऊन म्हणायची कोणाची टाप होती?

तीस वर्षं झाली, गावातल्या अर्ध्या घरांच्या गोधड्या माह्या हातच्या आहेत. एकदा एक सून सासऱ्याचं धोतर घेऊन आली, अन् म्हातारा घरी खाटेवर बसून बिडी ओढत होता. मी गठुडं जसंच्या तसं तिच्या डोक्यावर ठेवून देलं. एवढी मी कडक. अन् घरच्या गोधडीच्या वक्ताले माही अक्कल कुठं चरायले गेली होती, देव जाणे.

२

माही एकुलती एक पोरगी पूनम पहिल्या बाळंतपणाले माहेरी आली होती. आठव्याच महिन्यात तिचं पोट दुखायले लागलं. बुलढाण्याले दवाखान्यात नेलं, पोरगी झाली. दीड किलोची. सतरा दिवस काचेच्या पेटीत ठेवली अन् मंग घरी न्या म्हणे. नर्सबाईनं निघताना माहा हात धरून सांगतलं, "आजी, हिला दुसरं काही नको, ऊब पाहिजे. पाय गार लागले की समजायचं, बरोबर नाही."

जावई भागवत डोणगावचा. त्याचं बी-बियाण्याचं दुकान आहे. सतरा दिवसांत एक खेप आला. काचेतून पाह्यलं, म्हणे, "पोरगीच आहे ना?" अन् चहाही न पेता बसस्टँडवर गेला. पूनमचा बाप असाच न बोलता गेला होता, तिले सवय आहे.

घरी आलो तव्हा डिसेंबरातले दुपारचे तीन वाजले होते. आमच्याकडची थंडी ऊन असतानाही हाडात जाते. पोरीचे पाय हातात घेतले, थंडगार. पूनमनं छातीशी धरली, तरी थंड. घरच्या गोधड्या जाड, चार पदरी. त्या मुठीएवढ्या जीवावर टाकल्या असत्या तर श्वास कोंडला असता. दवाखान्यासमोरच्या दुकानातून घेतलेलं गुलाबी ब्लँकेट होतं, अस्वलाच्या चित्राचं. नुसता झगमगाट. त्याच्यात ऊब थांबतच नव्हती. मले पाहिजे होतं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड, अन् ते दिवे लागायच्या आत शिवून पाहिजे होतं.

३

घरात सुती असं काय होतं? माह्या साड्या सगळ्या नायलॉनच्या. दोन सुती पातळं होती, ती रोज आलटून पालटून अंगावर. शेजारची खुर्शीदबी कपडे शिवते, तिच्याकडं चिंध्या मिळाल्या असत्या. पण ती भाच्याच्या लग्नाले मेहकरले गेली होती, दाराले कुलूप. गिऱ्हाइकाच्या गठुड्याले मी हात लावत नाही. राह्यली पत्र्याची पेटी.

पेटीत माह्या नवऱ्याचे कपडे होते. नवऱ्याचं नाव बायकोनं घेऊ नये म्हणतात. मी घेते. नावच त्याचं कारभारी. अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी त्यानं चहा पेला, कप ओट्यावर ठेवला, अन् गेला. भांडण नाही, तंटा नाही. सहा महिन्यांनी कोणी सांगतलं जालन्याले दिसला, मंग कोणी म्हणे सुरतले. पूनम तव्हा बारा वर्षांची. मी अकरा वर्षं त्याच्या नावाचं कुंकू लावून फिरली, अन् बायका माह्या माघारी कुजबुजायच्या, हिले हळदीकुंकवाले बोलवावं का नाही? सवाशीण म्हणावं तर नवरा नाही, विधवा म्हणावं तर मेला नाही. त्याचे दोन शर्ट, एक पायजमा, एक बनियन अन् एक शेला मी दर वर्षी उन्हात टाकायची अन् घडी करून परत ठेवायची. कायले, ते मलेच ठाऊक नाही.

मी पेटी उघडली. पूनम म्हणे, "आई, बाबाचे आहेत ते."

"बाबा मेला."

"कोणी सांगतलं तुले?"

"मी सांगून राह्यली ना!"

अन् कैची चालवली. खोटं कायले बोलू, मले बरं वाटलं. शर्ट पाठीतून उभा चिरला तव्हा तर लय बरं वाटलं.

एरवी मी तुकडे मापात कापते, काठ दुमडते, तांदळाएवढा टाका घालते. त्या दिवशी तेवढा वेळ कोणाले होता? शेला दुहेरी करून खाली पसरला. वाऱ्यानं हालू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार वाट्या पालथ्या ठेवल्या. वर शर्टाचे तुकडे जसे निघाले तसे मांडत गेली. पाठ मधात, बाह्या दोन अंगाले, फटी राह्यल्या तिथं पायजम्याचं कापड. छातीवरचा खिसा उसवायलेही फुरसत नव्हती, तो तसाच राह्यला. बोटभर लांब टाके घालत बाहेरून आत आली अन् मधात गाठ मारली. दिवे लागत होते. दीड हात लांब अन् हातभर रुंद गोधडी, सुईतला दोरा तोडला अन् पोरीवर टाकली.

पाव घंट्यात पोरीचे पाय गरम झाले. पूनम रडायले लागली. मीही रडली. कारभारीच्या हातून आयुष्यात एक तरी काम झालं म्हटलं.

४

पोरगी दूध ओढायले लागली. दवाखान्याची आशाताई वजन करून गेली, म्हणे चढून राह्यलं. धुणं अन् तेल-पाणी सोडलं तर आम्ही तिले गोधडीबाहेर ठेवत नसू.

चौथ्या दिवशी तिनं गोधडी भिजवली. मी ती धुतली, अन् दुसऱ्या दिवशी सकाळी सातले दोरीवरून काढायले गेली. दोरी घराच्या मांगच्या अंगाले आहे, तिथं दहापर्यंत ऊन येत नाही. बाकीचे कपडे ओले, लाकडासारखे ताठ, हात लावला की बोटं बधिर. गोधडी कोरडी होती. अन् गरम.

उन्हाची गरमी कापडाले वरून असते. हे तसं नव्हतं. माणूस अंथरुणातून उठल्यावर त्याच्या जागी हात ठेवला तर जसं लागते, तसं. मी मनाले समजावलं, न्हाणीघराची चूल पेटलेली असते, तिची धग तिकडं जात असेल. मंग चुलीजवळ जाऊन पाह्यलं. चूल मी अजून पेटवलीच नव्हती. मी परत येऊन गोधडी सगळीकडून चाचपली. काठाले कमी गरम होती, पाठीच्या तुकड्यावर जास्त, अन् खिसा होता तिथं सगळ्यात जास्त.

बाई, तुले झोप कमी पडून राह्यली, मी स्वतःले म्हटलं, अन् गोधडी पोरीवर टाकली.

५

त्याच्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारची गोष्ट. पूनम अंगणात उन्हात बसून पोरीले तेल लावून राह्यली होती. खुर्शीदबी लग्नाहून परत आली होती, ती तिच्याजवळ बसून गप्पा हाणत होती. मी आतल्या खोलीत गिऱ्हाइकाची गोधडी घेऊन बसली. पोरीची गोधडी बाजेवर पडली होती.

टक टक टक टक. आवाज बारीक, पण थांबेना. मले वाटलं खुर्शीदबीची मशीन. पण खुर्शीदबी तर अंगणात हासत होती. पाल म्हणावं, तर पाल तीनदा करते अन् चूप होते. मी उठून छताच्या आढ्यावर पाह्यलं, माठामागं पाह्यलं. मंग बाजेकडं पाह्यलं.

गोधडी सपाट नव्हती. मधात वर आली होती. लेकराची गोधडी ती, तिच्याखाली माणूस मावत नाही, हे मले काय कोणी सांगावं, माह्याच हातचं माप. अन् माणूस तिथं नव्हताच. होती ती नुसती पाठ. कुशीवर वळून, गुडघे पोटाशी घेऊन कोणी निजलं की पाठीचा जो बाक होते, तेवढाच. अन् तो बाक थरथर कापून राह्यला होता. टाके हालत होते. टक टक आवाज दातांचा होता.

मी गोधडी ओढली. खाली बाजेची सुतळी. गोधडी माह्या हातात इतकी गरम होती की घाम सुटला.

खुर्शीदबी माहा आवाज ऐकून आत आली. मी ओरडली होती म्हणे, मले आठवत नाही. तिनं गोधडी हातात घेतली, खिशावर बोट ठेवलं अन् चटकन काढलं. "तानु, हे कोणाचं कापड?"

"त्याचं."

"पूछके काटी क्या?"

"कुठं जाऊन विचारू? पत्ता ठेवून गेला होता का तो मसणात?"

"या अल्ला." ती खाली बसली. "गावभर बायांले विचारत फिरते तू, जित्याचं का मेल्याचं. अन् हा जिता असला तर?"

"असला तर असला."

"उसव. माहं ऐक, आत्ताच उसव. मी दुसरं कापड देते."

मी उसवायले बसली. राग कितीही असो, मी काही राक्षसीण नाही. बाहीच्या अंगाचे चार टाके काढले, पाचव्यात कैचीचं टोक घातलं, अन् अंगणातून पूनम किंचाळली, "आई! हिचे पाय! आई, ओठ निळे होऊन राह्यले!"

भर उन्हात, तेलाच्या वाटीजवळ, पोरगी थंड पडत चालली होती. मी चार टाके परत घातले. असे भराभर टाके मी जन्मात घातले नाहीत. पाचव्या मिनिटाले पोरगी रडली अन् तिच्या तळव्यांले रंग आला. खुर्शीदबी दारात उभी होती. ती तशीच घरी गेली. संध्याकाळी तिनं कापड पाठवलं, ते मी दोन दिवसांनी तिले परत केलं.

६

गोधड्या शिवून मिळतील, असं घराच्या भिंतीवर लिहिलेलं आहे, खाली माहा मोबाइल नंबर. तो नंबर कारभारीनंच घेऊन देलेला, मी कधी बदलला नाही. त्या दुपारनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता त्याच्यावर फोन आला. मले वाटलं गिऱ्हाईक.

एक पोरगा बोलत होता. "ताई, मी सुरतहून बोलतो. आमच्या खोलीत एक बाबा राहतात, कारभारी नावाचे. तुम्ही त्यांच्या कोण?"

मी म्हटलं, "काय झालं?"

"त्यांना थंडी वाजते, ताई. इथे थंडी नाहीच, आम्ही पंखा लावून झोपतो. चार रग टाकले, डॉक्टर आणला, ताप नाही म्हणतो. आठ-दहा दिवस झाले, नुसते कापतात. हा नंबर त्यांनीच सांगितला. देतो त्यांना."

पहिले नुसतं टक टक टक टक ऐकू आलं. मंग त्याचा आवाज. अकरा वर्षांत आवाज म्हातारा झाला होता, पण तोच.

"तानु."

मी फोन दुसऱ्या कानाले लावला.

"तानु, माह्यावरचं पांघरूण कोणीतरी ओढून राह्यलं वं. दिवसरात्र ओढून राह्यलं. पाठीकडून. तू... तू पेटी तर नाही ना उघडली?"

म्हणजे माहीत होतं त्याले. त्याच्याच मायची शिकवण ती. तो मले अकरा वर्षांत एक फोन करू शकला नाही. पोरीच्या लग्नाले नाही, माह्या आजारपणाले नाही. अन् आता आपल्या अंगाची ऊब गेली तव्हा तानु आठवली! समोर पूनम बसली होती, मांडीवर पोरगी, पोरीवर गोधडी. पोरगी पोटभर पिऊन निजली होती, गाल लाल. मी त्या गालाकडं पाहत राह्यली.

"राँग नंबर आहे," मी म्हटलं अन् फोन ठेवला.

तो परत वाजला. तीनदा वाजला. मी स्वैपाकघरात जाऊन फोन पिठाच्या डब्यात ठेवला अन् भाकरी थापायले घेतल्या. रडली नाही. आधीच लय रडून झालं होतं.

७

संक्रांतीच्या दोन दिवस आधी गोधडी थंड झाली.

एकदम झाली. रात्री गरम होती, सकाळी नुसतं कापड. मी ती उलटीपालटी केली, गालाले लावली, खिशात हात घातला. काही नाही. कोणाचा फोन आला नाही, कोणी सांगतलं नाही. मले सांगायची गरजही नव्हती. मी आरशासमोर गेली, कुंकवाकडं पाह्यलं, अन् तसंच राहू देलं. पुसलं तर लोक विचारतील कसा मेला, त्याले मी काय सांगू? त्या वर्षी पहिल्यांदा सरपंचाच्या घरून मले हळदीकुंकवाचं बोलावणं आलं. मी गेली नाही.

पोरीचे पाय थंड पडले. दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं तपासलं, वजन पाह्यलं, दोन दिवस ठेवून घेतलं, सगळं नॉर्मल आहे, फक्त उबेत ठेवा म्हणे. घरी आणलं तर पुन्हा थंड. खुर्शीदबीनं तिचा जुना दुपट्टा आणून देला, मी शिवला. काही नाही. मंग मी माहं अंगावरचं सुती पातळ सोडलं, पदराकडून हात दोन हात फाडलं अन् गोधडीले जोडलं. म्हटलं घे बाई, माही घे. कापू दे मले, मी बसते उन्हात कापत. अर्धा दिवस वाट पाहत बसली. मले थंडी वाजली नाही. गोधडी गरम झाली नाही.

तव्हा सासूनं काऊन सांगतलं नव्हतं ते मले समजलं. हातानं देलेला कपडा म्हणजे नुसता कपडा. ऊब पाहिजे तर ओढूनच घ्यावी लागते. असलं कोणत्या तोंडानं सांगणार होती ती?

मी पूनमले यातलं काही बोलली नाही. पोरगी तिच्या छातीशी होती, दूध ओढत नव्हती. पूनम दोन दिवस जेवली नव्हती अन् माह्याकडं पाहतही नव्हती.

८

दवाखान्यातून आल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी भागवत आला. एक रात्र राहून मायलेकीले डोणगावले नेतो म्हणे. पोरीच्या तोंडावरचं पांघरूण त्यानं बोटानं बाजूले केलं. "इतकी बारीक? हे काही खरं नाही. आपण कायले उगा जीव लावून बसायचं? पुढच्या खेपेले चांगलं होईल." मंग मले म्हणे, "मामी, आंघोळीले पाणी ठेवा, लय धूळ होती रस्त्यानं." मी पाणी काढून देलं, अन् तो टॉवेल घेऊन न्हाणीघरात गेला. तिकडून त्याचं गाणं ऐकू येत होतं. गळा चांगला आहे त्याचा.

मी बाजेवर गोधडी घेऊन बसली होती. हातात काही काम नव्हतं. पूनम आली. एका हातावर पोरगी, दुसऱ्या हातात निळ्या चौकटीचा शर्ट. त्याच्या पिशवीतला. धुऊन धुऊन मऊ झालेला, सुती.

तिनं तो माह्या मांडीवर ठेवला.

"त्याले विचारलं?" मी म्हटलं.

"नाही."

मी तिच्या तोंडाकडं पाह्यलं. "तुले कोणी सांगतलं?"

"मी याच घरात राहते ना, आई. बाजेवरचं मीही पाह्यलं. सुरतच्या फोनच्या वक्ताले मी समोरच बसली होती, बाबाचा आवाज मले नाही समजणार?" तिचा आवाज हालत नव्हता. "मी तुले तव्हा काही म्हटलं का?"

"पूनम, तुहा नवरा आहे तो. तरणाताठा आहे. अकरा वर्षं काय असते ते तू पाह्यलं नाही का?"

"पाह्यलं."

"मंग?"

तिनं पोरीचा पाय दुपट्यातून बाहेर काढला अन् माह्या तळहातावर ठेवला. माह्या अंगठ्याएवढा पाय. न्हाणीघरात तांब्या वाजला, भागवत ओरडला, "मामी, पाणी अजून कढत पाहिजे, हे गार आहे!"

पूनमनं कोनाड्यातून कैची काढून माह्यासमोर धरली.

"कॉलर घेऊ नको, आई," ती म्हणे. "पोरीले टोचते."